बायचं वाचन अडलं होतं आणि आम्ही गणिताचं ॲप शोधत होतो: सत्तरीतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून आत, म्हादईच्या खोऱ्यातलं एक गाव. सरकारी मराठी प्राथमिक शाळा, पहिली ते चौथी मिळून अकरा मुलं आणि चारही वर्गांना एकच शिक्षिका. मी याच तालुक्यात चोवीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. निवृत्तीनंतर आठवड्यातून दोन संध्याकाळी गावच्या वाचनालयात बसते. पूर्वी लोक पेपर वाचायला यायचे, हल्ली मोबाईल पुढे करून 'बाई, हे बघा जरा' म्हणणारे आईबाप जास्त येतात.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, भर पावसात, अशीच एक आई आली. मुलगी तिसरीत. घरात तिला 'बाय' म्हणतात. गोव्यात निम्म्या घरांत मुलीला हेच म्हणतात, म्हणून इथेही बायच म्हणते. त्यावरून कुणाला ती ओळखू येणार नाही. वडील औद्योगिक वसाहतीत पाळीवर कामाला. आई शिवणकाम करते, काजूच्या दिवसांत बागेत जाते. घरात आजी आहे. स्मार्टफोन एकच, तो वडिलांबरोबर जातो आणि संध्याकाळी सातनंतर घरी येतो. रेंज मिळते ती पडवीच्या उजव्या कोपऱ्यात, तीही लाईट असेल तर. २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा या भागातली मोठी मुलं रेंजसाठी डोंगरावर चढून बसायची. आता तेवढं वाईट नाही, पण व्हिडिओ अडखळतोच.

भाषेचा गुंता वेगळाच. घरात कोकणी, शाळेत मराठी आणि चौथी संपली की पाचवीला इंग्रजी माध्यमाचं हायस्कूल. त्यामुळे इथल्या आयांना तिसरीपासूनच पाचवीची धास्ती असते. बायच्या आईच्या हातात एक गुळगुळीत पत्रक होतं. टॅबलेट आणि तीन वर्षांचा अभ्यासक्रम, पैसे महिन्याच्या हप्त्यानं. कंपनीचा माणूस रविवारी घरी येणार होता.

"बाई, मोबायलांत सगळें आसा म्हणटात," ती म्हणाली. "पूण सोदचें खंय?" म्हणजे, पण शोधायचं कुठे?

सांगितलेली अडचण आणि सापडलेली अडचण

आईच्या मते अडचण साधी होती: मुलगी गणितात कच्ची. घटक चाचणीचा पेपर तिनं पिशवीतून काढून दाखवला. बेरीज-वजाबाकीचे गुण बरे होते, शाब्दिक उदाहरणांत मात्र पाचापैकी शून्य. पत्रकावरही गणिताचीच चित्रं होती, त्यामुळे तिची खात्रीच पटली होती.

बायला मी वाचनालयाच्या बाकावर शेजारी बसवलं आणि पेपरातलं एक उदाहरण वाचून दाखवलं. एका टोपलीत २४ नारळ, अशा ३ टोपल्या, त्यातले १८ विकले, उरले किती? तिनं वर पत्र्याकडे बघितलं, बोटं हलवली आणि म्हणाली, "चोपन्न." हातचा कुठे घेतला ते विचारलं, तर तेही सांगितलं. मग तोच कागद तिच्या हातात दिला आणि म्हटलं, आता तू वाच. 'टोपलीत' पार पडलं, 'विकले' पार पडलं. पुढच्या ओळीतल्या 'प्रत्येक दुकानदाराने' या शब्दांपाशी गाडी थांबली ती सुटेचना. तिनं माझ्याकडे बघितलं आणि कागद बाजूला सारला.

म्हणजे गणित ठीक होतं, वाचन अडलं होतं. दुसरीच्या पातळीचा साधा उतारा मोबाईलवर वेळ लावून वाचायला दिला, तेव्हा एका मिनिटात १९ शब्द झाले. चुका लिहून काढल्या तर बहुतेक जोडाक्षरांच्या निघाल्या आणि त्यातही 'र'च्या. 'पर्वत'चा 'परवत', 'चक्र'चा 'चकर'. 'दुसऱ्या' हा शब्द तर ती सोडूनच पुढे जायची.

मराठीतला र मुलांना छळतो, कारण तो जागा बदलतो तसं रूप बदलतो. 'सूर्य'मध्ये तो डोक्यावर रफार होऊन बसतो, 'चक्र'मध्ये अक्षराच्या पोटात तिरपी रेघ होतो, 'राष्ट्र'मध्ये ट-च्या पायाशी टोपी होतो आणि 'दुसऱ्या'मध्ये पुढच्या अक्षराला चिकटलेली कोर होतो. यातला रफार आणि कोर यांची अदलाबदल झाली तर अर्थही बदलतो. 'आचार्यांना' वाढलं तर गुरुजी जेवतात, 'आचाऱ्यांना' वाढलं तर स्वयंपाकी. ही कोर हिंदीत नाहीच. मोबाईलवर शोधलं की हिंदी व्हिडिओंचा ढीग येतो, लिपी तीच दिसते म्हणून आईबाप ते लावून देतात, आणि मूल नेमकं जिथे अडतं ते अक्षर त्यात कधीच येत नाही.

हा निर्णयाचा पहिला टप्पा. पेपरातल्या शून्यावर विश्वास ठेवून शोधायला बसलो असतो तर गणिताची उत्तम ॲपं सापडली असती आणि बायला उपयोग शून्य झाला असता.

समोर असलेले पर्याय

पहिला अर्थातच तो टॅबलेट. रविवारी मी मुद्दाम त्यांच्या घरी गेले. माणूस तरुण, गोड बोलणारा, त्याचा मला राग नाही. चित्रं हलती-बोलती, बाय तर बघतच राहिली. मी एवढंच म्हटलं, "तिसरीचा एक मराठी धडा दाखवा." त्यानं इंग्रजी दाखवलं, मग हिंदी दाखवलं, मग म्हणाला की मराठी लवकरच येणार आहे. मग मी हप्त्याचा कागद मागितला. कर्ज एका तिसऱ्याच वित्त कंपनीकडून होतं. म्हणजे शिकवणी आवडली नाही म्हणून बंद केली तरी हप्ता चालूच राहण्याची सोय. अशा हप्त्यांबद्दल आणि खात्यातून आपोआप पैसे कापून घेण्याच्या परवानगीबद्दल केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं डिसेंबर २०२१ मध्येच पालकांना सावध केलं होतं. बायच्या वडिलांना हे मंत्रालयापेक्षा लवकर कळलं. ते म्हणाले, "मराठी येऊ दे, मग बघू," आणि चहा पुढे केला.

दुसरा पर्याय वाळपईतली शिकवणी. जाऊन-येऊन बसचा प्रश्न, पावसाळ्यात परतायला काळोख. तो पाच मिनिटांत बाद झाला.

तिसरा, फुकट मिळणारं ऑनलाईन साहित्य. ते भरपूर आहे, आणि भरपूर असणं हीच पुढची अडचण ठरली. चौथा, मोबाईल पूर्ण बाजूला ठेवून मी स्वतः आठवड्यातून दोनदा वाचून घेणं. हा मला मनातून पसंत होता, पण आठवड्यातले दोन दिवस वाचनाला पुरत नाहीत. वाचन रोज लागतं, आंघोळीसारखं.

पहिली फेरी, आणि त्यात माझी चूक

उत्साहाच्या भरात मी त्या रात्री चौदा लिंक गोळा केल्या आणि बायच्या वडिलांच्या व्हॉट्सॲपवर पाठवल्या. यादी तशी वाईट नव्हती. बालभारतीच्या संकेतस्थळावर पहिलीपासूनची सगळी पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. केंद्र सरकारचं 'दीक्षा' २०१७ पासून चालू आहे; त्यात बोर्ड, माध्यम आणि इयत्ता निवडली की धडे समोर येतात. प्रथम बुक्सनं २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी आणि कोकणी दोन्ही भाषांत चित्रगोष्टी आहेत. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक ऑनलाईन वाचता येतात. टाकाऊतून विज्ञानाची खेळणी करायला शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं आणि व्हिडिओही आहेत. त्याशिवाय यूट्यूबच्या काही वाहिन्या आणि मुलाचं वाचन ऐकून चुका दाखवणारं एक ॲप.

दोन आठवड्यांनी विचारलं तर चौदापैकी दोन लिंक उघडल्या होत्या. एक यूट्यूबची. ती जोडाक्षरांपासून सुरू झाली आणि आपोआप पुढे जात जात कार्टूनवर संपली. दुसरं ते वाचन ऐकणारं ॲप. बाय कोकणी हेलात वाचते, 'म्हण' शब्दातला ह गिळते. ॲप तिला बरोबर शब्दालाही चूक म्हणायचं. तिसऱ्या दिवशी तिनं फोन उलटा ठेवला.

चूक माझी होती. मी शिक्षिकेसारखी नाही, वाचनालयाच्या कपाटासारखी वागले: सगळं पुढे मांडलं आणि निवडायचं काम त्या घरावर टाकलं. ज्या घरात फोन सातला येतो आणि नऊला मूल झोपतं, तिथे निवडायला वेळ कुठला? 'किशोर' तर तिच्या वाचनापेक्षा तीन पायऱ्या वर होतं. ते मी का पाठवलं याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. बहुधा मला स्वतःला आवडतं म्हणून.

दुसरी फेरी: गाळणं

ऑगस्टमध्ये आम्ही तिघींनी, म्हणजे आई, आजी आणि मी, बसून तीन अटी ठरवल्या. एका वेळी एकच गोष्ट. ती कागदावर उतरणारी किंवा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवता येणारी. आणि ती मराठीतच किंवा कोकणीत.

अटी लावल्याबरोबर यादी दोनवर आली: स्टोरीवीव्हरच्या गोष्टी आणि बालभारतीचं दुसरीचं भाषेचं पुस्तक. तिसरीचं नाही, मुद्दाम एक पायरी खालचं.

स्टोरीवीव्हरची सोय अशी की गोष्टींना वाचनाच्या चार पातळ्या आहेत आणि त्या इयत्तेवर नाही, वाचण्याच्या तयारीवर ठरतात. पहिल्या पातळीत छोटी वाक्यं आणि तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येतात. गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत, त्यामुळे छापून वाटायला कुणाची परवानगी घ्यावी लागत नाही. तिथे कुणीही भाषांतर करू शकतं, म्हणून प्रत्येक गोष्ट मी आधी स्वतः मोठ्यानं वाचली. जीभ जिथे अडखळली ती गोष्ट बाजूला. सहा गोष्टी निवडल्या, वाळपईला झेरॉक्सच्या दुकानात एका कागदावर दोन पानं अशा काळ्या-पांढऱ्या छापल्या. रंग गेले हे खरं. बायनं ते स्वतः भरले, त्या निमित्तानं गोष्ट चार वेळा हातातून गेली.

सहावी गोष्ट कोकणीतली घेतली. ती तिनं आजीला वाचून दाखवायची. आजी मराठी शाळा दुसरीपर्यंत शिकलेली. गोष्ट ऐकून म्हणाली, "हें तर आमचेंच गो!" आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून विचारलं की आज काय वाचणार. आमच्या सगळ्या नियोजनात रोजच्या वाचनाची हमी देणारा माणूस हाच निघाला, आणि तो कुठल्याही लिंकमध्ये नव्हता.

शोधायची पद्धतही बदलली. आई इंग्रजी अक्षरांत 'मराठी वर्कशीट' असं काहीतरी टाइप करायची, मग जाहिराती आणि इंग्रजी माध्यमाचे तक्ते यायचे. फोनचा कळफलक देवनागरी करून 'रफार शब्द वाचन इयत्ता दुसरी पीडीएफ' एवढं टाकलं की महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शिक्षकांनी केलेले साधे, कामाचे तक्ते वर येतात. टाइप करणं जमत नसेल तर माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोलायचं. मुलीचं नाव, जन्मतारीख आणि फोन नंबर भरल्याशिवाय उघडत नाही ते बंद करायचं, हा नियम आईनं स्वतः घातला. २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, हे मी तिला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "कायदा नसता तरी दिला नसता नंबर."

शेकरू की गवा

सप्टेंबरमध्ये एक गंमत झाली, जिचा मी आधी विचार करायला हवा होता. परिसर अभ्यासाच्या तासाला शाळेतल्या बाईंनी विचारलं, आपल्या राज्याची राजधानी कोणती? बायनं ठणकावून सांगितलं, "मुंबई." राज्यप्राणी? "शेकरू." वर्ग हसला. घरी छापून नेलेल्या तक्त्यांपैकी एक सामान्यज्ञानाचा होता आणि तो अर्थातच महाराष्ट्राचा होता. गोव्याचा राज्यप्राणी गवा. त्यातून तिनं गवा आजीच्या काजूच्या बागेत पाहिलेला, आणि शेकरूही म्हादईच्या रानात पाहिलेलं. दोन्ही प्राणी ओळखीचे, फक्त राज्य बदललेलं.

मराठीतलं ऑनलाईन शालेय साहित्य जवळजवळ सगळं महाराष्ट्राचं आहे, आणि ते साहजिक आहे. भाषेसाठी आणि गणितासाठी ते आपल्याला चालतं. परिसर अभ्यासासाठी चालत नाही. तिथे तिसरीत मुलं आपापल्या जिल्ह्याचं पुस्तक शिकतात आणि चौथीत शिवछत्रपतींचं. इथल्या मुलाला १९ डिसेंबर १९६१ (गोवा मुक्ती) आणि ३० मे १९८७ (घटक राज्य) या तारखा लागतात, त्या तिथे सापडणार नाहीत. गणितातही एक खाच आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'ला 'वीस एक' म्हणायची रीत आली आणि त्यावर बराच वाद झाला. त्यानंतरच्या काही व्हिडिओंत ती रीत ऐकू येते. घरी 'पंचवीस' म्हणणाऱ्या मुलाला 'वीस पाच' ऐकून वाटतं की आपलंच चुकतंय. मूल गोंधळलं तर आधी व्हिडिओत काय म्हटलंय ते ऐकावं, मग मुलाला बोलावं.

तेव्हापासून परिसर अभ्यासासाठी शाळेच्या पुस्तकाबाहेर काही द्यायचं नाही, असं ठरलं.

घागऱ्यो

'दुसऱ्या'मधली कोर मात्र हटत नव्हती. गोष्टींतही ती कमी येते. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी वाळपईच्या बाजारात माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या आराशीचं) सामान विकायला आलं तेव्हा आजीनं यादी सांगितली आणि बायनं लिहायची असं ठरलं. नारळ, तोरींग, चिबूड, कांगलां, घागऱ्यो. 'घागऱ्यो'पाशी तिनं पेन्सिल थांबवली. तोंडानं हा शब्द ती चार वर्षांची असल्यापासून म्हणत होती. कसा लिहायचा? पहिल्यांदा 'घागर्यो' लिहिलं, रफार देऊन. मी ते तसंच मोठ्यानं वाचलं, र-वर आपटून. ती हसली, "तशें न्हय!" मग शेजारी कोर काढून दाखवली. तिनं दोन्ही वाचून बघितले, पुन्हा एकदा वाचले आणि मग पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सात वेळा 'घागऱ्यो' लिहिलं. पत्रक तेच, टॅबलेटचं.

दुसऱ्या दिवशी पाठ्यपुस्तकात 'दुसऱ्या दिवशी' आलं ते तिनं न थांबता वाचलं.

काय साधलं, काय नाही

नरकासुराच्या रात्रीच्या आसपास, म्हणजे ऑक्टोबरमध्ये, त्याच पातळीचा नवा उतारा ती मिनिटाला ३१ शब्दांनी वाचत होती. डिसेंबरमध्ये ४३. दुसऱ्या घटक चाचणीत शाब्दिक उदाहरणांत पाचापैकी तीन. गणिताचं एकही ॲप न घेता.

लिहिणं अजून कच्चं आहे. रफार वाचते, लिहिताना एक अक्षर अलीकडे देते. पावसात जवळजवळ दहा दिवस वाचन बंद पडलं, कारण आजी आजारी होती, आणि तेव्हा दिसलं की सगळी व्यवस्था एका माणसावर उभी आहे. छपाईचे पैसे मी भरले. तीन घरं झाली तर ते जमणार नाही, हेही तितकंच खरं. शाळेतल्या बाईंना मी सप्टेंबरपर्यंत काही सांगितलंच नव्हतं.

पुन्हा करायचं झालं तर

सर्वात आधी शाळेतल्या बाईंना भेटेन. चार वर्ग सांभाळणाऱ्या बाईंवर आणखी भार नको, असा माझा समज होता. प्रत्यक्षात त्यांना बायचं वाचन कुठे अडतं हे माहीत होतं, फक्त त्यासाठी वेळ नव्हता. शेकरूचा प्रसंग तर त्यांच्याशी एकदा बोलले असते तर घडलाच नसता.

चौदा लिंक पाठवणार नाही. पहिल्या दिवशी मूल कुठे अडतं ते बघायला अर्धा तास, मग एक गोष्ट, छापून. पंधरा दिवसांनी दुसरी. ॲपं लागलीच तर ती तिसऱ्या महिन्यात, आणि मूल मोठ्या माणसाशेजारी बसलेलं असताना.

आजीला पहिल्याच दिवशी सोबत घेईन. गोव्यात मराठी शाळेतल्या मुलाच्या घरी कोकणी हा अडथळा समजला जातो. या घरात तीच पायरी झाली. हे सगळ्या घरांत होईल असं मी म्हणत नाही. जिथे घरची भाषा कन्नड किंवा हिंदी आहे अशी मुलंही आता आमच्या शाळांत आहेत, आणि त्यांच्यासाठी 'घागऱ्यो' काय असेल हे मला अजून सापडलेलं नाही.

पाचवीच्या इंग्रजीचा प्रश्न तसाच आहे. आईनं परवा पुन्हा विचारलं. मार्चपर्यंत मराठी वाचन मिनिटाला साठच्या वर गेलं तर मे महिन्यात स्टोरीवीव्हरच्याच पहिल्या पातळीच्या इंग्रजी गोष्टी घ्यायच्या, त्यातही शक्यतो बायनं आधी मराठीत वाचलेल्या, असं तूर्त ठरलंय. नाही गेलं तर नाही. आई यावर पूर्ण खूश नाही.